खिडकीतल्या बाईचं वाक्य

१

हे मी आतल्या खोलीत बसून पाठकोऱ्या कागदांवर लिहितेय. बाहेर हॉलमध्ये टीव्ही मोठ्याने चालू आहे. कागद समोरच्या संवादवालीचे. एका बाजूला तिच्या सिनेमांचे संवाद असतात, दुसरी बाजू कोरी. ती टाकून द्यायची, मी म्हटलं मला दे, कपाटात अंथरायला होतील. बोलून सांगता आलं असतं तर सांगितलंच असतं. माझ्या पोटात काही राहत नाही, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक आहे. माझ्या पाठीमागे मला 'सीसीटीव्ही' म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. कोण म्हणतं, तेसुद्धा.

तिसऱ्या मजल्यावर दोनच दारं, समोरासमोर. एक माझं, एक संवादवालीचं. ती परदेशी सिनेमे आपल्या भाषेत बोलते करते. नुसतं भाषांतर नव्हे हं. "भाषांतर कुणीही करेल काकू, ते ओठांवर बसलं पाहिजे," असं ती म्हणते. प, फ, ब, भ, म आलं की माणसाचे ओठ मिटतात. म्हणून आधी ती सिनेमाचा आवाज बंद करते आणि नुसती तोंडं बघत बसते. ओठ मिटले की कागदावर पेन्सिलीने गोल काढते, उघडे राहिले की रेघ. मग त्या गोल-रेघांवर चपखल बसेल असं वाक्य शोधते.

दुपारी दोन ते चार मी तिच्याकडेच. हातात मटार नाहीतर तांदूळ निवडायचे, डोळे पडद्यावर. बारा वर्षं झाली. एकदा एक राजा चिडून "निघ इथून" म्हणत होता, पण पडद्यावर त्याचे ओठ दोनदा मिटत होते. ही अर्धा तास अडून बसली. मी सोलता सोलता म्हटलं, "बास, बाहेर हो, असं म्हणू दे की मेल्याला." तिने मला मिठीच मारली. तेव्हापासून मलाही ती सवय लागली. दाराच्या भिंगातून जिन्यावर बोलणारी माणसं बघायची आणि ऐकू येत नसलं तरी ओठांवरून ओळखायचं. बऱ्याचदा बरोबर निघतं.

तिच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. झाडांना पाणी घालायला म्हणून.

२

फिलिपाइन्सचा तो सिनेमा आला तेव्हा पहिल्या दिवशी आम्ही दोघी हसून हसून आडव्या झालो.

एक गरीब धोबीण असते. ती कपडे धुवायचं लोखंडी घमेलं डोक्यावर पालथं घालते आणि तिला पंख फुटतात. पत्र्याचे. तिचं मूळ नाव आम्हा दोघींच्या जिभेला वळेना, म्हणून संवादवालीने तिची 'वीजबाई' करून टाकली. वीजबाईची वैरीण म्हणजे खेकडाराणी. तिच्या पाठीवर आठ पाय, आणि ते सगळे कापूस भरलेले मोजे. एका मोज्याची टाच उसवलेली. अर्धा माणूस अर्धा घोडा असा एक सरदार, त्याचे मागचे पाय म्हणजे दुसराच कुणी नट. पुढचा थांबला तरी मागचा चालतच राहायचा. वीजबाई आकाशात उडते तेव्हा मागच्या रंगवलेल्या ढगांना चादरीसारखी घडी पडलेली दिसते.

"यांनी सगळ्या पैशांचं काय केलं असेल गं?" मी विचारलं.

"मोजे घेतले असतील," संवादवाली म्हणाली.

आणि त्यात एक खिडकीतली बाई होती. धोबिणीची शेजारीण. जाडसर, केसांची गाठ मारलेली, सदा खिडकीत. धोबीण घरात शिरली की ही वाकून बघणार, बाहेर पडली की मान लांब करून बघणार. अख्ख्या सिनेमात तिला एकच वाक्य, शेवटाकडे.

"काकू, ही तुमच्यावर गेलीय," संवादवाली म्हणाली.

"गेलीय कसली, मीच आहे ती!" मी म्हटलं. खरंच तेव्हा मला गंमत वाटली.

बिट्टी त्या दिवशी आमच्यात होती. बिट्टी माझी भाची, माझ्या ताईची मुलगी. अकरा वर्षांची असल्यापासून माझ्याजवळ वाढलेली. तिचा आवाज एकदा तरी ऐक, असं म्हणून तीन महिने मी संवादवालीचं डोकं खाल्लं होतं, आणि वीजबाईचा आवाज बिट्टीला मिळाला होता. पहिलंच मोठं काम. पोरगी पंख लावल्यासारखी घरभर फिरत होती.

वीजबाई उडायला लागली की एक आवाज यायचा. टण् टण् टण्. मग जरा थांबून, टण् टण्.

"हा कसला गं?" मी विचारलं.

"पंखांचा असेल. पत्रा आहे ना."

पत्र्याचा आवाज असा नसतो. घरात भांडी घासणाऱ्या बाईला ते सांगायला लागत नाही. तो काचेवर स्टीलचा चमचा आपटल्याचा आवाज होता. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मग मी ती सोलली.

३

ताईबद्दल सांगायला हवं.

पंधरा वर्षांपूर्वी ताई माझ्या याच आतल्या खोलीत होती. अकरा महिने अंथरुणावर. शेवटी शेवटी तिचा आवाज गेला होता. काही लागलं की उशाच्या स्टुलावरच्या ग्लासवर चमचा वाजवायची. तीनदा, थांबून दोनदा. एका दुपारी मी हॉलमध्ये टीव्हीसमोर बसले होते आणि माझा डोळा लागला. उठून आत गेले तेव्हा सगळं संपलेलं होतं. बिट्टी शाळेतून यायची होती.

हे मी सगळ्यांना असंच सांगितलंय. बिट्टीलाही. "मावशी थकली होती, तिचा डोळा लागला," हे तीच नातेवाइकांना माझ्या वतीने सांगायची, एवढीशी असताना. कुणी तोंड वाकडं केलं तर त्याच्याशी भांडायची. संवादवालीला मी एका दुपारी रडत रडत सांगितलं होतं, तेही असंच. डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी संवादवालीने सिनेमा आवाज बंद करून लावला. बिट्टी आली नव्हती. शेवटाकडे खिडकीतली बाई आली. कालच्यापेक्षा खिडकी जास्त उघडी होती. असं कसं असेल? सिनेमा काही रोज नवा काढत नाहीत. काल मी हसत होते, नीट बघितलं नसेल. पण बाईच्या मागे आता तिची खोली दिसत होती आणि खोलीत एका लोखंडी पलंगाचा कोपरा होता. काल तो नव्हता. नसावा.

बाईने तोंड उघडलं. ओठ एकदा मिटले. मग बराच वेळ उघडे. मग दोनदा, लागोपाठ मिटले. मग पुन्हा उघडे.

मला बारा वर्षांची सवय. वाक्य आपोआप बसतं. कापड अंगावर टाकलं आणि मापाचं निघालं, तसं ते बसलं.

*मी जागी होते. मुद्दाम उठले नाही.*

"काकू, घाम आलाय तुम्हाला. पंखा वाढवू?"

"नको. गेल्या पानावर काय लिहिलंस ते वाच."

"या बाईचं अजून नाही सुचलं. मुंगीएवढं वाक्य आहे, पण वेड लावतंय. उद्या बघते."

सकाळी ती बाजारात गेली होती. मी किल्ली घेतली. झाडांना पाणी घातलं, आधी ते घातलं, मग टेबलाशी गेले. सगळ्यात वरच्या कागदावर, 'खिडकीतली बाई' असं लिहून पुढे तिच्या गोलमटोल अक्षरात तेच वाक्य होतं. मी जागी होते. मुद्दाम उठले नाही.

चष्मा घरी राहिला होता, हे मला जिना ओलांडून घरात आल्यावर आठवलं.

४

त्या दिवशी दुपारपर्यंत मी काय विचार केला असेल ते माझं मला माहीत. संवादवालीला कसं कळलं? मी झोपेत बोलते का? पण तिच्याकडे मी कधी झोपले नाही. मग तिने ओळखलं. ती तोंडं वाचते. मी रडत 'डोळा लागला' म्हणाले तेव्हा तिने माझे ओठ वाचले असतील आणि खाली दुसरंच काही दिसलं असेल. आणि इतकी वर्षं ही बया मला चहा पाजत गप्प बसली आणि आता वाक्य अडलं म्हणून तिने माझं उचललं. अर्ध्या घोड्याच्या आणि मोज्यांच्या सिनेमात घातलं. बिट्टी ज्या स्टुडिओत उभी राहणार त्याच स्टुडिओत कुणीतरी ते मोठ्याने बोलणार.

मला रडू नाही आलं. राग आला. जिच्यासाठी मी माझ्या ताटातलं वाटीत काढून नेलं, आजारपणात पायाशी बसले, तिने.

दोन वाजता मी गेले. संवादवाली टेबलाशी होती. तिच्या मागे जमिनीवर बिट्टी, कानांवर मोठे हेडफोन, नजर पडद्यावर. पडद्यावर वीजबाई उडत होती आणि बिट्टी तिच्याबरोबर ओठ हलवत होती. तालीम चालली होती. हेडफोन असे जाड की बाजूला बाँब फुटला तरी कळू नये.

मी संवादवालीच्या कानाशी वाकले.

"हे तू बरं नाही केलंस."

"काय झालं काकू?"

"निदान पोरीचा तरी विचार करायचा. तिच्यासमोर कुणाच्या तरी तोंडून ते वदवणार होतीस?"

"काय वदवणार होते?"

माझा आवाज चढला. "वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस! मी जागी होते, हे तुला सांगितलं कुणी? मी तर कुणाला म्हणून बोलले नाही. चमचा वाजत होता, मला ऐकू येत होता, हे तुला कळलं कसं?"

संवादवाली माझ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ थोडे उघडे होते. मला त्यांतून काही वाचता येईना. मग तिने टेबलावरचा सगळ्यात वरचा कागद उचलून माझ्यासमोर धरला. चष्मा मी लावला होता. 'खिडकीतली बाई', आणि पुढे एक गोल, रेघा, दोन गोल, रेघा. बाकी कोरं. खोडल्याची खूणसुद्धा नव्हती.

"मला अजून काहीच सुचलेलं नाही, काकू," ती अगदी हळू म्हणाली.

मागे बिट्टीचे ओठ हलायचे थांबले होते. हेडफोनची वायर तिच्या मांडीवर पडलेली होती, कशालाही न जोडलेली. आवाज बंद ठेवून तालीम करायची असते आधी. हे मला माहीत होतं. बारा वर्षं बघतेय मी. त्या घरात त्या क्षणी ते विसरली असेल तर मी एकटी.

बिट्टीने हेडफोन काढले. आधी केस सारखे केले.

"किती वेळ वाजवत होती?"

"बिट्टी, ऐक..."

"आई. किती वेळ वाजवत होती, मावशी?"

काय सांगू? सिनेमा लागला होता. अकरा महिन्यांत पहिल्यांदा मी पाय वर घेऊन बसले होते. म्हटलं, एवढा सीन होऊ दे. मग परत वाजलं. मी रिमोट घेतला आणि आवाज दोन रेघांनी वाढवला. तेव्हा पडद्यावर हिरव्या रेघा यायच्या. एवढंच केलं मी. दोन रेघा.

हे मी तिला बोलले नाही. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि उठली. संवादवालीकडून तीही शिकलीच होती की.

"मी लोकांशी भांडायचे तुझ्यासाठी," दारात चपला घालताना ती म्हणाली. "शाळेत एका मुलीचे केस ओढले होते."

५

बिट्टी मैत्रिणीकडे राहायला गेली. काम तिने सोडलं नाही. रोज दुपारी समोर येते, मला भिंगातून दिसते. माझ्या दाराकडे बघत नाही. माझ्या घराची किल्ली मात्र तिने परत केलेली नाही. एवढ्यावर मी महिनाभर जगले.

संवादवालीने तिची किल्ली मागून घेतली. नाराजीने नाही, अगदी शिकल्यासवरल्यासारखी.

"झाडं मी आत घेतलीत काकू. तुम्हाला कशाला त्रास."

"तूही मला सोडलंस तर."

"मी काय केलं, सांगा ना."

काही केलं नव्हतं तिने. आणि तरी माझ्या मनातून जात नाही की हे सगळं तिच्याच घरात शिजलं. तो सिनेमा तिने आणला. तोंडं वाचायला मला तिने शिकवलं. एरवी कुठल्या तरी परक्या देशातली, कधीकाळी खिडकीत उभी राहिलेली नटी काय बोलली ते मला कशाला कळलं असतं?

"त्या बाईचं काय केलंस शेवटी?" मी विचारलं.

"मुकीच ठेवली. एक वाक्य सुचलं होतं, पण तीन आवाजवाल्या बायका आल्या आणि तिघींनी नको म्हटलं. आता ती नुसती बघते." ती वळली, मग थांबली. "काकू, तुमच्याकडे दुपारी ग्लासवर काही वाजवता का? जिन्यापर्यंत ऐकू येतं."

"तुझा सिनेमाच असेल."

"सिनेमा देऊन तीन आठवडे झाले."

एकदा भिंगातून दोघी जिन्यापाशी बोलताना दिसल्या. बिट्टी पाठमोरी होती, संवादवालीचं तोंड माझ्याकडे. ती काय बोलली ते मी वाचलं नाही. पहिल्यांदाच मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा दोघी गेल्या होत्या, आणि माझ्या भिंगात, अगदी जवळ, कुणाच्या तरी केसांची गाठ होती. कुणीतरी माझ्या दाराला पाठ लावून उभं होतं. मग तिथे नुसता जिना होता.

६

आज दुपारी तो सिनेमा टीव्हीवर लागला. आपल्या भाषेत, बिट्टीच्या आवाजात.

मी बघायचं नाही ठरवलं होतं. पण पोरीचा आवाज भरलेल्या घरासारखा हॉलमध्ये घुमला आणि मी खुर्चीत बसले. वेताची जुनी खुर्ची, टेकलं की करकरते. वीजबाई मोज्यांच्या राणीला म्हणाली, "माझ्या माणसांना हात लावशील तर बघ!" काय बोलली पोरगी. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग शेवटाकडे खिडकी आली. खिडकी सताड उघडी होती. बाई खिडकीत नव्हती. ती आत, खुर्चीत बसली होती, आमच्याकडे पाठ करून. तिच्या पलीकडे पलंग, आणि पलंगावरून कुणाचा तरी हात स्टुलाकडे लांबत होता.

टण् टण् टण्. टण् टण्.

मी आवाज पूर्ण बंद केला. तरी वाजतच राहिलं. आतल्या खोलीतून.

या वेळी मी उठले. हे मला लिहून ठेवायचंय. लगेच उठले, रिमोट तिथेच टाकला, चपला पण घातल्या नाहीत.

आत कुणी नव्हतं. ताईचा पलंग आहे, त्यावर जुनी अंथरुणं असतात. ती खाली काढलेली होती. स्टुलावर पाण्याने भरलेला ग्लास आणि चमचा. मी ठेवला असेन का? पाणी पिते मी, विसरते. ग्लास नीट बघायला पलंगाच्या कडेला बसले.

तेव्हा हॉलमधली वेताची खुर्ची करकरली. कुणीतरी टेकून बसलं, पाय वर घेतले. मग टीव्हीचा आवाज परत सुरू झाला.

बिट्टी. तिच्याकडे किल्ली आहे. ती आली, माझी पोर आली, असं होऊन मी हाक मारली. माझे ओठ मिटले, उघडले. आवाज आला नाही. घसा दुखत नव्हता, काही नाही. नुसते ओठ हलत होते. मी परत मारली. परत. उठायला गेले तर पाय पलंगाखाली दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे लोंबत होते.

कपाट हाताशी आहे, म्हणून हे कागद. पेन्सिल त्यांतच होती.

दारातून इथून मला अर्धी खुर्ची दिसते आणि टीव्हीचा कोपरा. खुर्चीवर कोपर आहे. माझ्या घरातल्या फुलाफुलांच्या गाऊनची बाही. केसांची गाठ. मान किंचित माझ्या बाजूला कललेली आणि ताठ. झोपलेल्या माणसाची मान अशी नसते. ऐकू येत असलेलं माणूस असं बसतं. मला माहीत आहे.

मी चमचा घेतला. ग्लासवर तीनदा वाजवला. थांबून, दोनदा.

खुर्चीतल्या हाताने रिमोट उचलला. मला वाटलं, आता उठेल. मी परत वाजवला.

अंगठा हलला. टीव्हीच्या कोपऱ्यात हिरव्या रेघा उमटल्या, त्यात आणखी दोन वाढल्या.